परत आलेल्याचे मोल

परदेशी जाणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परत आलेल्याविषयी त्या मानाने थोडे. जाण्याला निरोपाचा प्रसंग असतो, स्टेशनवर किंवा विमानतळावर जमलेली माणसे असतात. येण्याला तसे काही नसते. आलेला माणूस पहिले पंधरा दिवस पाहुणा असतो आणि सोळाव्या दिवशी प्रश्न होऊन बसतो. वय चाळिशी उलटलेले, मुलांचे शिक्षण अर्ध्यावर, निवृत्तीला अजून पंधरा वर्षांचा अवकाश. अशा माणसाने आपल्या गावी काम शोधताना गावाकडून काय मागावे, आणि गाव त्याचे काय देणे लागते, हा प्रश्न केवळ व्यवहाराचा आहे असे समजून आपण तो त्याच्यावर सोडून देतो. आमच्या मते तो नीतीचाही प्रश्न आहे, आणि त्याचा विचार त्या दृष्टीने व्हावयास हवा.

विवेचनाच्या सोयीसाठी एक गृहस्थ कल्पू. बडोद्याच्या दांडिया बाजारातले जुने घर, वय सत्तेचाळीस, शिक्षण इन्स्ट्रुमेंटेशनचे. आखातातील तेलशुद्धीकरण कारखान्यात अठरा वर्षे काढून ते परत आले आहेत. कारणे दोन. एक, आईचे खुब्याचे हाड मोडले आणि तिच्याजवळ राहणारे कोणी उरले नाही. दुसरे, त्या देशात स्थानिकांना नोकऱ्या देण्याचे धोरण कडक होत गेले. सौदी अरेबियात २०११ पासून ‘निताकात’ या नावाने ते राबविले जाऊ लागले, हे आपल्यापैकी अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. आखातात परदेशी माणसाचा मुक्काम साधारणतः नोकरीलाच बांधलेला असतो. नोकरी संपली की ठरावीक मुदतीत देश सोडावयाचा. निवृत्तिवेतन बहुधा नसते. सेवासमाप्तीची एकरकमी ग्रॅच्युइटी घेऊन यावयाचे.

आता हे गृहस्थ कोयलीपासून दहेजपर्यंत अर्ज करीत फिरतात. सरकारी नोकरीची दारे वयोमर्यादेमुळे केव्हाच बंद झालेली असतात. खासगी कारखान्यात त्यांना सांगण्यात येते की, आपला अनुभव आमच्या जागेपेक्षा मोठा आहे. शेवटच्या पगाराचा आकडा रियालमध्ये; त्याचे रुपये करून सांगितले तर समोरचा दचकतो आणि न सांगितले तर संशय घेतो. अर्ध्या पगारावरही येईन म्हटले, तर ‘हा चार महिन्यांत सोडून जाईल’ अशी शंका. ज्यांच्याबरोबर काम केले ते सगळे तिकडे. इथे शब्द टाकणारा कोणी नाही. शेवटी एखादा ठेकेदार भेटतो आणि गरज ओळखून रोजंदारीच्या भाषेत बोलू लागतो.

या माणसाविषयी आपल्या बैठकींत दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, जाताना कोणाला विचारून गेला नव्हता, तेव्हा आता तक्रारीचा अधिकार नाही. दुसरे असे की, एवढा अनुभव घेऊन आलेल्या माणसाला गावाने डोक्यावर घ्यावयास हवे. तसे होत नाही हे गावाचे करंटेपण. दोन्ही मते सोपी आहेत, आणि दोन्ही अपुरी आहेत असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या मताचा आधी विचार करू, कारण ते ऐकावयास गोड आहे. अनुभव ही काही कोणत्याही गावच्या पेढीवर वटणारी हुंडी नव्हे. जो इथेच राहिला, ज्याने त्याच कारखान्यात तिन्ही पाळ्या केल्या, मंदीत पगारकपात सोसली आणि आज कोठे विभागप्रमुख होण्याची वेळ आली, त्याच्या डोक्यावरून बाहेरून आलेल्यास नेऊन बसविणे न्यायाचे ठरेल काय? घरातही तेच. धाकट्या भावाने किंवा बहिणीने आजवर दवाखाने केले, बँकेच्या आणि नगरपालिकेच्या खेपा घातल्या. बाहेर राहिलेल्याने पैसा पाठविला, आणि तो पैसा खरोखरच घरास उपयोगी पडला. पण पैसा पाठविणे आणि रात्री उशाशी बसणे यांचा हिशेब एका वहीत मांडता येत नाही. तेव्हा मोठ्या जागेवर हक्क सांगणे हे मागे राहिलेल्यांच्या वर्षांना शून्य किंमत देण्यासारखे होईल.

आता पहिल्या मताकडे वळू. ‘गेला तो गेला’ असे म्हणणाऱ्या आपण सर्वांनी क्षणभर आपलाच इतिहास आठवावा. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील आपली घराणी ही मुळात चाकरीसाठी मुलूख सोडून आलेल्यांची घराणी आहेत. गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या मागोमाग आलेल्या आपल्या पूर्वजांना कोणी ‘का गेलात’ असे आज विचारीत नाही. उलट त्या जाण्याचा आपण अभिमान बाळगतो. मग तेच पाऊल पुढल्या पिढीने उचलले तर तो द्रोह कसा ठरावा?

इतकेच नव्हे. आयुष्याच्या मध्यावर आपले मोल नव्याने ठरविले जाण्याचा अनुभव आपल्या घरांना परदेशी न जाताही आलेला आहे. १९४८ च्या मे महिन्यात ग्वाल्हेर आणि इंदूर मध्यभारतात गेले. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. १ मे १९६० रोजी बडोदे गुजरातेत गेले. संस्थानी सेवेत वीस-वीस वर्षे काढलेल्या माणसांना नव्या राज्याच्या वेतनश्रेणीत आणि ज्येष्ठतायादीत आपली जागा शोधावी लागली. कालचे पद आजच्या कोणत्या पदासमान, या वादाचे कागद वर्षानुवर्षे फिरत राहिले. ही माणसे कोठेच गेली नव्हती. राज्यच त्यांच्या पायाखालून निघून गेले होते. त्यांना त्या वेळी जे हवे होते तेच आज परत आलेल्यास हवे असते. जुना हुद्दा जसाच्या तसा मिळावा असे नव्हे, तर आपल्या कामाकडे कोणी तरी पूर्वग्रह न ठेवता पाहावे.

हैदराबादच्या मराठी कुटुंबांना ‘मुलकी’ आणि ‘गैरमुलकी’ हे शब्द नव्याने सांगावयास नकोत. निजामाच्या १९१९ च्या फर्मानानुसार राज्याच्या नोकरीसाठी मुलकी असणे आवश्यक ठरले आणि बाहेरून आलेल्यास त्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट होती. १९५२ साली याच प्रश्नावर मोठे आंदोलन झाले. स्थानिकांच्या पोटाचे रक्षण हा त्या नियमांचा हेतू होता आणि तो समजण्याजोगा आहे. परंतु परत आलेल्या माणसाला आपण मनातल्या मनात त्याच नियमाचे उलटे रूप लावतो. जितकी वर्षे बाहेर, तितका तो परका. जन्म इथला, घर इथले, जीभ इथली. तरीही नोकरीच्या दारात तो गैरमुलकी. या न लिहिलेल्या कायद्याविरुद्ध दाद मागण्याचीही सोय नाही, कारण तो कोणी केला हे कोणीच सांगत नाही.

मग परत येणाऱ्याने काय करावे? येथे आम्हांस धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण बोलके वाटते. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेला हा माणूस ज्ञानाच्या ओढीने घर सोडून पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असा फिरत सिलोन व ब्रह्मदेशापर्यंत गेला आणि पाली भाषेचा पंडित होऊन परत आला. कलकत्त्यात अधिक वेतनाची संधी असताना त्यांनी सयाजीराव महाराजांचे दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य पत्करले. महाराष्ट्रात राहावे आणि बडोदे सरकारसाठी ग्रंथ लिहावे, एवढीच त्यामागची अट होती. पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात काम करून १९१२ साली ते परतले, तेव्हा छत्तिशीत होते. आणि १९१८ पर्यंत त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पन्नास रुपयांत त्यांनी कमीपणा मानला नाही, कारण त्यांना काय करावयाचे आहे हे पक्के होते. हुद्दा आणि काम या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या धरल्या. हुद्दा हा त्या त्या संस्थेचा असतो आणि तो तिथेच ठेवून यावा लागतो. काम मात्र हातात आणि डोक्यात असते, ते बरोबर येते. आमच्या कल्पित गृहस्थांनी आखातातील पद मनातून उतरवून ठेवले, तरी बिघडलेला व्हॉल्व्ह आवाजावरून ओळखणारा त्यांचा कान कोणी काढून घेऊ शकत नाही.

परंतु हा उपदेश येथेच थांबविला तर तो अर्धसत्य होईल, किंबहुना अन्यायाचे हत्यार होईल. त्याचा पुरावा बडोद्यातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि करारानुसार नोकरी करण्यासाठी १९१७ साली बडोद्यास आले. ते तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. त्यांची गोष्ट मध्यवयाची नव्हे. पण परतणाऱ्याचे मोल गाव कसे करते याचे तिच्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले, आणि थोड्याच काळात त्यांना बडोदे सोडावे लागले. मुंबईत त्यांनी सल्लागाराचा व्यवसाय आरंभिला, तोही जात कळताच बसला; १९१८ साली सिडनेहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले, तेव्हा तेथेही पाण्याच्या भांड्यावरून कुरबूर झालीच. त्यांना कोणी ‘जुळवून घ्या’ असे सांगितले असते, तर तो केवढा क्रूर विनोद झाला असता! जुळवून न घेणारे ते नव्हते, शहर होते. नम्रता हा परतणाऱ्याचा गुण असू शकतो. नाकारणाऱ्यांनी त्याच्याकडून ती वसूल करणे हा गुण नव्हे.

यावरून आम्हांस एक भेद महत्त्वाचा वाटतो. स्वतः होऊन एक पायरी खाली उतरणे आणि गरज पाहून दुसऱ्याने खाली ओढणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भाषेत ‘गरजवंताला अक्कल नसते’ आणि ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ अशा म्हणी आहेत. दोन्हींत शहाणपण आहे, पण दोन्ही अडलेल्याकडे बोट दाखवितात. अडवणाऱ्याचे वर्णन त्यांत नाही. अनुभवी माणूस स्वस्तात मिळाला म्हणून आनंदणारा मालक हा काही चतुर व्यापारी नव्हे. तो परत आलेल्याचे नुकसान करतोच, शिवाय त्याच कामावर असलेल्या स्थानिकाचेही दर पाडतो. म्हणून परत आलेल्याने हुद्दा सोडावा, पण त्या कामाचा इथला रास्त दर सोडू नये. त्यात त्याच्या मानाइतकेच शेजाऱ्याचेही हित आहे.

आणि गावाने काय द्यावे? जागा नव्हे, मान नव्हे, अवधी द्यावा. १९५८ साली आपल्या देशात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ‘सायंटिस्ट्स पूल’ सुरू केला. परदेशातून परतलेल्या शास्त्रज्ञांना आणि तंत्रज्ञांना कायम जागा मिळेपर्यंत एखाद्या संस्थेत तात्पुरते काम आणि वेतन मिळावे, ही त्यामागची कल्पना. त्यात आश्वासन मोठे नव्हते, पण विचार न्यायाचा होता: माणूस आधी कामात दिसू द्या, मग त्याचे मोल करा. ही गोष्ट केवळ शासनाच्या शक्तीतली आहे असे नाही. बेळगावच्या ओतशाळांचे आणि यंत्रशाळांचे मालक, शाळांचे विश्वस्त, रुग्णालये, सहकारी बँका यांतील कोणीही सहा महिन्यांच्या रास्त पगारावर एखाद्यास आजमावू शकतो. मुलाखतीत ‘का परत आलात?’ हा प्रश्न आरोपीस विचारल्यासारखा न विचारणे, एवढे तर बिनखर्चाचे आहे.

या सर्व चर्चेत एक माणूस नेहमी वगळला जातो. त्या गृहस्थांबरोबर त्यांची पत्नीही परत आलेली असते. पुष्कळदा ती इथली शाळेतली किंवा बँकेतली नोकरी सोडून गेलेली असते आणि तिकडे आश्रित व्हिसावर तिला काम करण्याची मुभाच नसते. अमेरिकेतही एच-४ व्हिसावरील काही पत्नी-पतींना कामाची परवानगी २०१५ पासूनच मिळू लागली. तिच्या वर्षांचा दाखला कोणत्याच कंपनीकडे नाही. तिने दुसऱ्याच्या देशात घर उभे केले, मुले शिकविली, पण अर्जाच्या कागदावर ती जागा कोरी राहते. पतीच्या अनुभवाला कोणी कमी लेखते. तिच्या अनुभवाला अनुभव मानावयासही कोणी तयार नसते. परतणाऱ्याचे मोल करण्याची आपली रीत किती तोकडी आहे, हे तिच्या कोऱ्या जागेवरून अधिक कळते. म्हणून घरातली पहिली बैठक ‘याला नोकरी कोठे मिळेल’ या विषयावर न होता ‘आपण दोघे काय काम करू शकू’ या विषयावर व्हावी, असे आम्ही सुचवू.

पिकते तिथे विकत नाही, असे आपले वाडवडील म्हणत. ही म्हण बाजाराविषयी खरी असेल. माणसांविषयी ती खरी असलीच पाहिजे असे नाही, ते आपल्या वागण्यावर आहे. आपल्या प्रत्येक घराच्या कुळकथेत कोणी तरी परमुलखातून येऊन या शहरात काम मागणारा मूळ पुरुष आहे. त्याला कोणी तरी पहिल्यांदा कामावर घेऊन पाहिले, म्हणून आपण आज येथे आहोत. ते ऋण त्याच माणसांना परत करण्याची सोय आता उरलेली नाही. पुढे दारात येईल त्यालाच ते द्यावे लागेल.