अभिप्रायाची वही

माणूस सर्वांत जास्त खोटं कुठं बोलतो, असं विचारलं तर कुणी कोर्ट म्हणेल, कुणी निवडणुकीची सभा, कुणी वधूवर सूचक मंडळ. माझ्या मते ही तिन्ही ठिकाणं मिळूनही मागं पडतील. पहिला नंबर चित्रप्रदर्शनाच्या दाराशी टेबलावर ठेवलेल्या अभिप्रायाच्या वहीचा. शेजारी पेन असतं. ते कुणी पळवू नये म्हणून सुतळीनं बांधलेलं असतं. म्हणजे ज्याच्या रसिकतेवर विश्वास, त्याच्या प्रामाणिकपणावर नाही!

माझी शाखा फोर्टात. मी क्लार्क. २०२४ सालापासून आमच्या पदाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात, पण काउंटरवर येणारा माणूस अजून "ओ साहेब, खिडकी बंद का?" असंच म्हणतो. जेवणाच्या सुट्टीत डबा आटपला की मी पाय मोकळे करायला काळा घोड्याकडे निघतो आणि जहांगीर आर्ट गॅलरीत शिरतो. प्रवेश फुकट, आत गारवा, आणि दर मंगळवारी नवी चित्रं. सोमवारी संध्याकाळी ती उतरतात. दिवाळी सरली की हा हंगाम भरात येतो, तो उन्हाळ्यापर्यंत. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या आठवणीसाठी दिलेल्या देणगीतून १९५२ साली ही गॅलरी उभी राहिली. एका बापाच्या दुःखातून झालेल्या वास्तूत आपण ऊन चुकवायला जातो, हा विचार कधीमधी मनात येतो. मग मी दोन चित्रं जास्त बघतो.

पूर्वी इथं पळवाट होती. चित्रांनी अंगावर यायला सुरुवात केली की माणूस 'सामोवार'मध्ये सटकायचा आणि चहा ढोसत कलेवर बोलायचा. २०१५ साली 'सामोवार' बंद झालं. आता बाहेर पडायचं तर वहीवरूनच जावं लागतं. आणि वहीपाशी चित्रकार उभा असतो.

वहीत काय असतं? "अप्रतिम!" त्याखाली "अप्रतिम!!" तिसऱ्यानं तीन उद्गारचिन्हं टाकलेली. मग "रंगसंगती मनाला भावली". हे लिहिणारे गृहस्थ मी पाहिलेत. चाळीस चित्रं सात मिनिटांत. कॉमर्सचा असल्यामुळं हिशेब आपोआप होतो : चित्रामागे साडेदहा सेकंद, त्यात किंमत वाचण्याचा वेळ धरलेला आहे.

आता सही हा माझा पोटापाण्याचा विषय. खात्यात शिल्लक नसताना कुणी चेक दिला आणि तो परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टाचं १३८वं कलम आहे, १९८९पासून लागू, दोन वर्षांपर्यंत कैद. पण मनात दमडीची शिल्लक नसताना "अप्रतिम" लिहून खाली झोकदार सही ठोकणाऱ्याला कुठलंच कलम नाही. तो चेक चित्रकार घरी नेतो आणि रात्री एकटाच बसून वटवायला बघतो.

आमची सौ. म्हणते, "अहो, एक शब्द लिहिला तर तुमचं काय जातं? बिचाऱ्याला बरं वाटतं." या एका वाक्यात अर्धं नीतिशास्त्र आहे. उरलेलं अर्धं इमॅन्युएल कांटकडे. दाराशी खुनी येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असला तरी खोटं बोलू नये, असं त्यानं १७९७ साली लिहून ठेवलं. कांट आजन्म अविवाहित होता हे लक्षात घेतलं की पुष्कळ उलगडा होतो. "ही साडी मला कशी दिसते?" हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नाही. आपल्याकडच्या जुन्या शहाण्यांनी मधला रस्ता काढला : खरं बोला, गोड बोला, कडू खरं टाळा, पण गोड खोटंही बोलू नका. ऐकायला सोपं वाटतं. या सगळ्या अटी पाळल्या तर माणसानं हवापाण्याविषयीच बोलावं.

गॅलरीबाहेर फुटपाथवर चित्रं विकणारे कलावंत बसतात. तिथं हा पेच नाही. तिथं "अप्रतिम" कुणी म्हणत नाही. "पाचशेला देता का?" म्हणतात. अपमान होतो, पण चेक वटतो. उलट आत १९९२ साली हुसेननी 'श्वेतांबरी' नावाचं प्रदर्शन भरवलं. पांढरं कापड आणि जमिनीवर वर्तमानपत्रं, बस्स. मी तेव्हा शाळेत होतो. त्या वेळी वही ठेवली असती तर पान कोरं सोडणं हाच योग्य अभिप्राय झाला असता, पण हुसेनना तेही कौतुकच वाटलं असतं.

गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी मला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटले. गळ्यातलं माझं ओळखपत्र पाहून म्हणाले, "बँकेतले ना? मग हिशेबाचं बोला. अर्ज केला तेव्हा नोकरीत होतो, भिंत मिळाली तेव्हा पेन्शनीत. वहीत चव्वेचाळीस 'अप्रतिम' आहेत, मोजलेत मी. चित्र एकही गेलं नाही. पुढच्या वेळेसाठी अर्ज आजच टाकायचा की नाही, ते ठरवायचंय. वय चौसष्ट. खरं सांगा."

हा माणूस शब्दावर पुढली वर्षं लावणार होता. इथं कांट उपयोगी नाही आणि सौ.ही नाही. मी म्हटलं, "दाराकडून तिसरं. पाऊस पडून गेलेला फलाट, ओल्या फरशीत उलटा दिसणारा हमाल. त्याच्यापुढं माझी अर्धी सुट्टी गेली."

"आणि बाकीची?"

"सुबक आहेत. पण कॅलेंडरवर पाहिल्यासारखी वाटतात."

ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या चित्रापाशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ उभे राहिले. मला घड्याळ दिसत होतं, पण जाववेना. मग तिथूनच म्हणाले, "हे एका बैठकीत झालं होतं. घाईत. बाकीच्यांना महिने लागले." आणि थोड्या वेळानं : "लिहा. जे बोललात तेच लिहा. कॅलेंडरासकट."

मी लिहिलं, तारीख घातली, सवयीनं सही ठोकली. त्यांनी चष्मा चढवून सगळं दोनदा वाचलं आणि सहीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे? वाचता येत नाही. खाली कंसात नाव घाला."