वाडी नावावर, वाडी हाती

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि कोकणातल्या आंजर्ल्याच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. शासनाने पुढे भरपाईचा दर ठरवला: पोफळीला 50 रुपये, माडाला 250. पैशाचा हिशेब कसाबसा मिटतो. पण पडलेली झाडं ओढून वाडी मोकळी केल्यावर खरा प्रश्न समोर आला: आता लावायचं कोणासाठी? पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. बाणवली माडही तेवढाच वेळ घेतो आणि मग माणसाच्या आयुष्याइतका काळ देत राहतो. साठीच्या माणसाने रोप लावणं म्हणजे आपल्यामागे कोणीतरी आहे, हे गृहीत धरणं. वादळाने त्या गृहीताचाच जाब विचारला.

आंजर्ल्यातल्या एखाद्या घराचा धंदा म्हणजे वाडी, वाडीतली मिरी-जायफळ आणि अलीकडे पर्यटकांसाठीच्या दोन-चार खोल्या. कड्यावरच्या गणपतीला येणारे, कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला येणारे तिथे उतरतात. यातलं भांडवल सगळं डोळ्यांना दिसत नाही. सुपारी खळ्यात महिना-सव्वा महिना वाळते. अवकाळीचं आभाळ भरलं की ती केव्हा झाकायची आणि केव्हा पुन्हा उघडायची, हे वर्षानुवर्षांच्या सवयीने कळतं. माडावर चढणारा गडी कोणाच्या शब्दावर येतो, कोणत्या व्यापाऱ्याला उधार द्यायचं नाही, दरवर्षी येणाऱ्या कुटुंबाला कोणती खोली लागते, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात असतं. तो गेला की तेही जातं.

वारशाचा विचार आपल्याकडे काही कमी झालेला नाही. विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात ‘मिताक्षरा’ लिहिली आणि वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासूनच असतो, हे तत्त्व पक्कं केलं. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने तो हक्क मुलींनाही मिळाला. न्याय झाला, पण फार उशिरा. मात्र कोणाला किती, एवढंच हे शास्त्र सांगतं. चालवायचं कोणी, याबद्दल ते गप्प आहे. मग आजोबांच्या पश्चात सातबाऱ्यावर नावं चढत जातात आणि जमीन सामाईकात राहते. कर्ज काढायचं असो की खोली वाढवायची, मुंबई-पुण्याला सह्या गोळा करत फिरावं लागतं. राबणारा एक आणि हिस्सेदार दहा. आपण वाढवलेल्या माडांची उद्या वाटणी होणार, ही धाकधूक असलेला माणूस मन लावून रोपं कशी लावेल?

आंजर्ल्याशेजारच्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे यांनी ‘तुंबाडचे खोत’मध्ये एका घराण्याच्या पिढ्यांचे चढ-उतार मांडले. खोती हा हक्काचा वारसा होता. 1949 च्या कायद्याने तो गेला. वाडी हा कष्टाचा वारसा आहे. तो कायद्याने जात नाही, तसा केवळ कायद्याने मिळतही नाही.

असा कष्टाचा वारसा कसा टिकतो, ते जपानमध्ये दिसतं. ओसाकाच्या कोंगो गुमी या मंदिरं बांधणाऱ्या घराण्याने आपला आरंभ 578 सालचा सांगितला. कर्तबगार मुलगा नसेल तेव्हा जावई दत्तक घेऊन त्याला घराण्याचं नाव आणि कारभार देण्याची तिथे रीत होती. अखेर कर्जाने ते बेजार झालं आणि 2006 मध्ये कारभार दुसऱ्या कंपनीकडे गेला. चौदाशे वर्षं मात्र त्या रीतीने पेलली. आपणही दत्तक घेत आलो, पण पिंडासाठी आणि मिळकतीसाठी. हातातल्या कामासाठी क्वचितच. आज आंजर्ल्यासारख्या गावांत कितीतरी घरांतल्या खोल्या सुनेच्या हातावर चालतात. पाहुण्यांचे फोन ती घेते, मोदकांची उकड ती काढते, वहीही तीच लिहिते. सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं. वारस घरातच असतो. आपण त्याला बाहेर शोधत बसतो.

म्हणून ज्यांच्या नावावर वाडी आहे, त्यांना एवढंच सांगणं: हातपाय चालताहेत तोवर भावंडांना एकत्र बसवा. महसूल कायद्याच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून रीतसर वाटप करून घ्या, दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र लिहा. जो राबतो किंवा जी राबते, त्याचा किंवा तिचा हक्क कागदावर आणा. मग एक पूर्ण हंगाम वही आणि गल्ला त्यांच्या हाती द्या, आणि त्यांच्या चुका होऊ द्या.