लेकराचे दोन नमस्कार



पंढरीला गेलात की विठुरायाच्या पायांवर डोके ठेवता आणि मग रखुमाईच्या गाभाऱ्यात जाता. देऊळ एकच, पण दोघांचे गाभारे वेगळे. रखुमाई रुसून दिंडीरवनात आली, ही कथा आपण सारेच ऐकत आलो. पण त्या रुसव्याचे ओझे भक्ताच्या डोक्यावर कधी आले का? 'माझ्याकडे आलास, आता तिकडे जाऊ नकोस,' असे दोघांपैकी कोणी म्हणाल्याचे ऐकले आहे का?

आज आपल्या घरांत मात्र तेच होते. नवरा-बायकोचे पटेनासे झाले, तंटा कुटुंब न्यायालयात गेला, की लेकराची ओढाताण सुरू होते. फोन आला तर 'झोपलाय' म्हणायचे, भेटीच्या दिवशी तापाचे निमित्त काढायचे, भेटून आले की उलटतपासणी करायची. 'तुझ्या बापाला तू नकोच होतास', 'तुझी आई तुला टाकून गेली' असे रोज कानी पडले, की सात वर्षांचे पोर एक दिवस म्हणते, 'मला तिकडे जायचे नाही.' घरचे म्हणतात, बघा, लेकरूच नको म्हणते! अहो, ते बोल लेकराचे नव्हेत. ज्याच्या घरी राहायचे त्याची माया आटेल, या भीतीचे ते बोल आहेत.

कोणी विचारील, महाराज, समोरच्याने खरोखर छळ केला असेल तर? मारहाण असेल, लेकराला धोका असेल, तर त्याला जपणे हा धर्मच. ते न्यायाधीशांपुढे जरूर मांडावे. पण आपली फसवणूक, आपला अपमान हे आपले दुःख. ते खरे असले तरी सांगण्याची जागा लेकराचा कान नव्हे. खरे बोलायलाही स्थळ आणि पात्र पाहावे लागते. ज्याचे रक्त आपल्या अंगात आहे त्याची निंदा ऐकता ऐकता मूल स्वतःलाच वाईट समजू लागते.

न्यायालयांनीही हे ओळखले आहे. लहानपणापासून बापाकडे वाढलेल्या एका मुलीने तिथेच राहायचे म्हटले; पण जिला आईचा सहवासच मिळाला नाही तिने निवड कशी करावी, असा विचार करून २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला वर्षभर आईकडे दिले. २०२० साली त्याच न्यायालयाने दुसऱ्या निकालात सांगितले, की मूल ही इकडून तिकडे टोलवायची वस्तू नव्हे आणि आई-बाप दोघांची माया हा त्याचा मूलभूत हक्क आहे. पण हुकूम लेकराला दारापर्यंत नेतो. ते हसत आत जाईल की रडत, हे घरच्यांच्या जिभेवर असते.

म्हणून आजी-आजोबांनो, हे तुमच्यासाठी. एकादशीला आपण अन्न वर्ज्य करतो. नातवंडासमोर सुनेची वा जावयाची निंदा वर्ज्य करा, आणि हे व्रत रोजचे धरा. भेटीच्या दिवशी पोराला तुम्ही तयार करा, पाठीवरून हात फिरवा, 'जा बाळा, भेटून ये' म्हणा. परतले की जेवायला वाढा, खोदून काही विचारू नका.

वाटेत भेटेल त्या वारकऱ्याला आपण माउली म्हणतो, त्याच्या पाया पडतो. मग लेकराच्या आईला, लेकराच्या बापाला, निदान लेकरापुरते तरी माउली राहू द्या.