कातारकाम आणि प्रायश्चित्त

न्यायालयाच्या व्यवहारात आयुष्य घालविणाऱ्या माणसाच्या मनात एक समजूत नकळत रुजते : झालेली चूक पुढे केव्हातरी दुरुस्त करता येते. निकाल चुकला तर अपील आहे, पुनर्विलोकन आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द उच्चारला गेल्यावरही, २००२ सालच्या रूपा हुर्रा प्रकरणापासून, क्युरेटिव्ह याचिकेचे एक अरुंद दार उघडे राहिले आहे. ही समजूत किती अपुरी आहे हे आम्हांस ग्रंथांनी नव्हे, पांढुर्ण्याच्या एका खरादाने शिकविले.

१९५६ च्या पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा व सौंसर मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन्ही तहसिली छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आल्या. सीमा बदलल्या तरी सणवार नागपूरकडचेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुले चाकांचे लाकडी नंदी मिरवीत नेतात. आमच्या पुतण्याच्या नंदीचे एक चाक फुटले. ते घेऊन आम्ही एका कातारी मिस्त्रीकडे गेलो आणि चाळिशी उलटलेली असूनही, चाक आपणच कातण्याचा हट्ट धरला.

सावंतवाडीच्या चितारआळीतील लाखेची रंगीत खेळणी वाचकांच्या परिचयाची आहेत. त्यांतील गोल वस्तूंची जात हीच. इतर सुतारकामात लाकूड स्थिर असते व हत्यार फिरते. येथे लाकूड फिरते आणि हत्यार स्थिर धरावे लागते. आपल्या भाषेत सूतही कातले जाते आणि लाकूडही. पण तुटलेले सूत जोडता येते; कातून गेलेले लाकूड जोडता येत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही सागवानाचा चौकोनी ठोकळा खरादावर चढविला आणि गोल पटाशी दोन्ही हातांनी आवळून त्यात रेटली. फिरते कोपरे धडधडत पटाशीवर आदळले, धार एकाएकी आत रुतली, हातांना जबर हिसका बसला आणि ठोकळ्याची एक मोठी ढलपी उडून भिंतीवर आपटली. मिस्त्रींनी खराद थांबविला.

"दाबू नका जी, वकीलसाहेब. लाकूड सोताच फिरून राह्यलं न, त्याले येऊ द्या. आधी टेकवा, मंग कापा."

त्यांची रीत अशी : पटाशीची मूठ खाली धरून धारेमागचा उतार प्रथम लाकडावर नुसता टेकवायचा. तेथे काहीच कापले जात नाही, केवळ स्पर्श होतो. मग मूठ हळूहळू उचलावी; एका क्षणी धार लागते आणि लाकडाची लांब साल आपोआप सुटू लागते. शिकाऊ माणूस भितो, भीतीने हत्यार आवळतो, आवळून रेटतो. आणि जे होऊ नये म्हणून भितो, तेच घडवून आणतो.

त्या रात्री आम्हांस एक जुना साक्षीदार आठवला. सौंसरकडचा एक वृद्ध शेतकरी. बांधाच्या वादात त्याने पाहिले तेच सांगितले होते, हे उलटतपासणी सुरू होण्यापूर्वीच आमच्या ध्यानात आले होते. पण तारखा त्याला आठवत नव्हत्या. आम्ही त्या तारखांनाच धार लावली. अर्ध्या तासात तो स्वतःच्या शब्दाविषयी साशंक झाला, भर न्यायालयात खोटा ठरला, आणि दावा आम्ही जिंकलो. साक्षीदाराची विश्वसनीयता डळमळीत करण्याचा अधिकार आम्हांस १८७२ च्या पुरावा कायद्याने दिला होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. तेव्हा कायद्याने आम्ही निर्दोष होतो. परंतु अधिकार असणे आणि तो किती वापरावा हे कळणे, या दोन वस्तू भिन्न होत.

विष्णुपुराणात कथा आहे. सूर्याचे तेज संज्ञेला सोसवेना, म्हणून तिच्या पित्याने, विश्वकर्म्याने, सूर्याला भ्रमियंत्रावर, म्हणजे खरादावरच, चढविले. त्याने तेजाचा आठवाच अंश काढला. त्यापलीकडचे तेज सूर्यापासून वेगळे होण्याजोगे नव्हते. आणि जे काढले ते वाया गेले नाही. त्यातून विष्णूचे चक्र व शिवाचा त्रिशूळ घडला. देवांचा कारागीर होता तरी कोठे थांबावे हे तो जाणत होता. आम्ही त्या वृद्धाचा केवळ आठवणीचा दोष काढून थांबलो नाही. त्याच्यापासून वेगळे न होणारे असे जे होते, त्यालाच हात घातला.

मग प्रायश्चित्त कशाला म्हणावे? मूळ स्थिती परत आणणे, असा त्याचा अर्थ असेल तर ते अशक्य आहे. आम्ही बिघडविलेल्या ठोकळ्यातून चाक निघणार नव्हते. मिस्त्रींनी तो फेकला नाही. ढलपी उडाली होती तेथपर्यंत कातून त्याचा एक भोवरा केला. उरले त्याचे प्रामाणिकपणे काय होईल, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला होता.

दावा पुन्हा उघडणे आमच्या हाती नव्हते. आम्ही त्या गावी गेलो आणि मारुतीच्या पारावर चार माणसांसमक्ष म्हणालो की, हे गृहस्थ त्या दिवशी खोटे बोलले नव्हते. त्यांना फक्त तारखा आठवत नव्हत्या, आणि ते आम्हांस तेव्हाही ठाऊक होते. म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बांध तं गेला जी, वकीलसाहेब. पण बरं केलं, सांगतलं."

बांध गेला तो गेलाच. पुढे आमच्या हातून एक चाक उतरले. ते किंचित वाकडे फिरते, पण पुतण्याचा नंदी चालतो. उलटतपासणीस उभे राहताना अजूनही हात आवळू लागतो. तेव्हा मिस्त्रींचे ते चार शब्द आम्ही मनाशी म्हणतो, आणि पहिला प्रश्न नुसता टेकवितो.