भारुडातला विंचू आणि उरलेले विष

पैठणच्या संत एकनाथांनी (१५३३–१५९९) शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी नवी ओवी घालू नये असे बजावले. याउलट त्यांची भारुडे, म्हणजे लौकिक सोंगाच्या मिषाने परमार्थ सांगणारी नाट्यमय पदे, गेली चारशे वर्षे प्रत्येक भारूडकार स्वतःची भर घालून सादर करीत आला असून, ती भर वारकरी श्रोत्यांना कधी पाठभ्रंश वाटलेली नाही. यातून असा प्रश्न उभा राहतो की, पदाचे सत्य त्याच्या अक्षरांत वसते की त्याच्या प्रयोगात?

‘विंचू’ या सर्वपरिचित भारुडात या प्रश्नाचे उत्तर सापडते. त्यातील विंचू म्हणजे काम आणि क्रोध होत. त्यांच्या दंशाने तमोगुण, म्हणजे बुद्धीला झाकोळणारी जडता, अंगभर चढतो आणि त्यावर सत्त्वगुणाचा, म्हणजे निर्मळ विवेकाचा, अंगारा लावायला सांगितला आहे. परंतु या उताऱ्यानेही किंचित ठणका उरतोच आणि तो शमतो एकनाथांचे गुरू, देवगिरीचे जनार्दनस्वामी, यांच्या कृपेने. हा उरलेला ठणका केवळ काव्यालंकार नव्हे, कारण सत्त्वगुणही सुखाच्या व ज्ञानाच्या आसक्तीने जीवाला बांधतो, असे गीतेच्या चौदाव्या अध्यायात म्हटले आहे. म्हणून विवेक विष उतरवतो, पण ‘मी विवेकी’ हा अभिमान तेवढा मागे ठेवतो.

भारुडाचा अर्थ केवळ समजून घेणारा वाचक नेमका याच अभिमानापाशी थांबतो. प्रयोगात मात्र भारूडकार विव्हळत, लोळत रिंगणात येतो, मागे उभे असलेले झीलकरी, म्हणजे ध्रुवपद उचलून धरणारे साथीदार, त्याला ‘काय झालं?’ असे विचारतात आणि तो गाणे मध्येच थांबवून व्यसनाचे, हुंड्याचे, भाऊबंदकीच्या दाव्यांचे दाखले देऊ लागतो. तेव्हा आधी शेजाऱ्याला हसणारा श्रोता पुढच्याच दाखल्यात स्वतःला ओळखतो. शाहीर साबळे यांनी हे भारूड शहरी रंगमंचावर लोकप्रिय केले, तर पैठण ज्यात आहे त्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे भारूडकार निरंजन भाकरे यांनी ‘बुरगुंडा’ हे भारूड गावोगावी पोहोचवले; दोघांच्याही सादरीकरणात पद जुने असले तरी दंश समोरच्या श्रोत्यांचाच होता.

पाश्चात्त्य रॉक संगीतातही बॉब डिलन यांनी ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ हे १९६५ चे गीत पुढील मैफलींत वेगवेगळ्या चालींनी गायिले, पण तेथे प्रत्येक बदल मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहता येतो. भारुडाला असे मूळ ध्वनिमुद्रण नाही. त्याची कसोटी एवढीच की, घातलेली भर श्रोत्याला त्याच्या विषाची जाणीव करून देऊन शांतीकडे नेते की नुसत्या हशावर थांबते. ज्ञानेश्वरीच्या अक्षरांचे रक्षण आणि भारुडाची मोकळीक यांत म्हणूनच विरोध नाही: सिद्धांत अढळ राहावा यासाठी ग्रंथ शुद्ध हवा, आणि काम-क्रोध प्रत्येक पिढीत नव्या रूपाने डसत असल्यामुळे त्यांवरचा उतारा प्रत्येक पिढीने आपल्या बोलीत पुन्हा उच्चारायला हवा.