दात येणाऱ्या बाळाचे दुःख: प्राक्तन, स्वभाव आणि कर्तव्य

बाळाला पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो. काहींना तो चौथ्या महिन्यातच दिसतो, काहींना वर्ष उलटून जाते. बहुधा खालचे मधले दोन दात आधी येतात, मग वरचे. अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे २० दात पुरे होतात. दात वर सरकताना हिरडी सुजते, हुळहुळते, लाळ गळते. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालून चावते, रात्री किरकिरते. एका दाताचा त्रास काही दिवसांत ओसरतो. दुखणे एवढेसे, पण त्याच्यापाशी धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न उभा राहतो. ज्याच्या हातून अजून पाप घडलेले नाही आणि पुण्यही घडलेले नाही, त्याच्या वाट्याला वेदना का? आणि ती वेदना कुठल्या तरी नियमाने आलेली असेल, तर ती शमवू पाहणारी आई त्या नियमाच्या आड येते, की तोच नियम पाळते?

रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत वसलेल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत या प्रश्नाची तीन उत्तरे एकाच घरात ऐकू येऊ शकतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या ठाकूर आणि कातकरी वाड्या, भातशेतीची गावे, खोपोलीसारखे कारखान्यांचे शहर आणि रोज लोकलने मुंबई गाठणारी कर्जत-नेरळची वस्ती असा हा मिश्र मुलूख आहे. बाळाची किरकिर वाढली की कुणी म्हणते, सटवाईने कपाळी लिहिले ते चुकत नाही. कुणी म्हणते, नजर लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाका, नाहीतर भगताला दाखवा. गावची आरोग्य-स्वयंसेविका आशाताई म्हणते, दात येताहेत, घाबरू नका. या तीन बोलण्यांमागे तीन मते आहेत: दुःख प्राक्तनाने येते, दुःख बाहेरच्या शक्तीमुळे येते, दुःख देहाच्या स्वभावातून येते.

पहिल्या मताची तर्कशुद्ध मांडणी न्यायदर्शनात सापडते. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आत्म्याचे नित्यत्व सिद्ध करताना तान्ह्या मुलाचाच पुरावा दिला आहे. नुकते जन्मलेले मूल हर्ष, भय आणि शोक दाखवते. या जन्मात त्याला त्यांचा अनुभव नाही, म्हणून त्यांच्यामागे पूर्वजन्मीच्या अनुभवाची स्मृती असली पाहिजे, असा हा युक्तिवाद आहे. प्रतिपक्ष म्हणतो की कमळ उमलते आणि मिटते तसेच मुलाचे हसणे-रडणे. त्यासाठी आत्मा कशाला हवा? सूत्रकार उत्तर देतो की कमळाचे उमलणेही निष्कारण नसते. ऊन, थंडी, पाऊस ही त्याची कारणे असतात, तशी मुलाच्या भावांनाही त्यांची कारणे हवीत. पुनर्जन्माचा निष्कर्ष कुणाला पटो वा न पटो, न्यायदर्शनाने तान्ह्या मुलाला अनुभव घेणारा जीव मानले, हे या वादातले महत्त्वाचे पाऊल आहे.

प्रतिपक्षाचे मत विसाव्या शतकातही जिवंत होते. नवजाताची मज्जासंस्था अपुरी वाढलेली असते, त्याचे रडणे ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया असते, असे मानून १९८०च्या दशकापर्यंत नवजातांवरच्या कित्येक शस्त्रक्रिया नाममात्र भूल देऊन केल्या जात. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे कंवलजीत आनंद आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या वेळी पुरेसे वेदनाशामक मिळालेल्या मुलांच्या शरीरावर ताण कमी आला आणि गुंतागुंतही कमी झाली. बाळाला बोलता येत नाही म्हणून त्याला दुखत नाही, हे मत त्यानंतर वैद्यकात टिकू शकले नाही.

प्राक्तनाच्या मतापुढची खरी अडचण वेगळी आहे. प्रत्येक वेदना मागल्या कर्माचे फळ मानली, तर ती भोगू देणे हेच योग्य, असा अर्थ काढता येतो. हा अर्थ भारतीय परंपरेतच नाकारला गेला आहे. बौद्धांच्या संयुत्तनिकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धाला हाच प्रश्न विचारला आहे. बुद्धाचे उत्तर असे की काही वेदना पित्ताने, काही कफाने, काही वाताने, काही ऋतुबदलाने, काही आघाताने उद्भवतात. कर्मविपाक हे अनेक कारणांपैकी एक. सगळेच मागल्या कर्मावर ढकलणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे जाऊन बोलतात. कर्जत तालुक्यातल्या कोंडाणे आणि आंबिवली येथील लेणी दाखवतात की हा विचार सांगणारे भिक्षू या घाटवाटांवर दोन हजार वर्षांपूर्वीच वावरत होते. चरकसंहितेच्या विमानस्थानातही दैव आणि पुरुषकार यांचा हिशेब मांडला आहे. दैव दुर्बळ असेल तर प्रयत्न त्याच्यावर मात करतो आणि सगळेच आधी ठरलेले असते तर औषधाला काही अर्थच उरला नसता, असे तिथले प्रतिपादन आहे. कर्मसिद्धान्त मानणाऱ्यालाही एवढे मान्य करावे लागते की बाळाचे दुःख त्याच्या कर्माचे असले, तरी त्यावर काय करायचे हे आईबापांचे कर्म आहे आणि ते अजून घडायचे आहे.

दुसरे मत दुःखाचे कारण बाहेर शोधते. सांख्यांनी दुःखाचे तीन प्रकार सांगितले: आध्यात्मिक म्हणजे देहमनातून उठणारे, आधिभौतिक म्हणजे इतर प्राण्यांकडून येणारे आणि आधिदैविक म्हणजे दैवी शक्तींमुळे होणारे. सुश्रुताने स्कंद, रेवती, पूतना असे नऊ बालग्रह वर्णिले. काश्यपसंहिता हा बालरोगांवरचा प्राचीन ग्रंथ दात उगवण्याला स्वतंत्र अध्याय देतो. त्यात जन्मतःच दात असणे किंवा वरचे दात आधी येणे अशुभ मानले आहे. वरचा दात आधी आला तर मामाला वाईट, ही महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक असलेली समजूत याच जातीची आहे. मात्र त्याच अध्यायात मुलींच्या हिरड्या मऊ असतात म्हणून त्यांना दात येताना त्रास कमी होतो, असे देहातले कारणही दिले आहे. शकुन आणि शरीरविचार त्या काळी एकाच पानावर नांदत होते.

दृष्ट काढण्यासारख्या विधींचे मूल्यमापन करताना संयुत्तनिकायातला आणखी एक विचार उपयोगी पडतो. अज्ञ माणसाला दुःखाचे दोन बाण लागतात, एक देहाच्या वेदनेचा आणि दुसरा त्या वेदनेभोवती मनाने उभ्या केलेल्या भयाचा, असे तिथे सांगितले आहे. दात येणाऱ्या बाळाला पहिलाच बाण लागलेला असतो. पुढे काय होईल, कुणाची नजर लागली, मामावर काय संकट येईल, हे त्याच्या गावीही नसते. दुसरा बाण घरातल्या मोठ्यांना लागतो आणि दृष्ट, अंगारा, काळा दोरा हे उपाय त्या दुसऱ्या बाणावरचे आहेत. आईचा जीव त्याने थाऱ्यावर येत असेल तर त्यात अपाय नाही. तोच बाळावरचा इलाज समजला गेला आणि त्यापायी दवाखाना लांबणीवर पडला, तर अपाय आहे.

तिसरे मत स्वभावाचे. सुश्रुताने रोगांचे सात वर्ग केले. त्यांतला शेवटचा स्वभावबलप्रवृत्त, ज्यात भूक, तहान, झोप, म्हातारपण, मृत्यू येतात. देह आहे म्हणून जे घडणारच, ते या वर्गात पडते; दात येणेही याच वर्गात बसते. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात या बाबतीत दोन गोष्टी सांगितल्या आहेत. दात फुटताना बाळाच्या अंगाचा असा एकही भाग नसतो जो दुखत नाही, आणि दात येणे हे सगळ्या रोगांचे मूळ आहे, ही पहिली. दुसरी त्याहून मोलाची: दातांमुळे होणाऱ्या तक्रारींत बाळावर पथ्यपाण्याचे जाचक निर्बंध घालू नयेत, कारण दात आले की त्या आपोआप शमतात.

यातली दुसरी गोष्ट आजही खरी आहे, पहिली मात्र आज टिकत नाही. दात येण्याने लाळ, चिडचिड, हिरड्यांची सूज आणि अंगाला किंचित ऊब येते; भरपूर ताप किंवा जुलाब येत नाहीत. ते त्याच वयात दिसतात, तो केवळ काळाचा योग आहे. सहाव्या महिन्याच्या आसपास आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती कमी होत जाते, वरचे अन्न सुरू होते, बाळ पालथे पडून जमिनीवरच्या वस्तू तोंडात घालू लागते. जुलाब येतात ते यातून, आणि दोष दातांवर जातो. हा घोटाळा भारतापुरता नव्हता. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३९ साली पाच हजारांहून अधिक मृत्यू दात येण्याच्या नावावर नोंदले गेले होते. स्वभावाचे मत असे दुधारी आहे. जे खरोखर स्वाभाविक आहे त्याबाबत ते धीर देते, आणि जे स्वाभाविक नाही त्याकडे डोळेझाक करण्याची सबबही देते.

तिन्ही मतांनंतर कर्तव्याचा प्रश्न उरतो. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात पतंजलीने अजून न आलेले दुःख टाळण्याजोगे मानले आहे. आलेल्या दुःखाबाबत पहिल्या पादात करुणेची भावना सांगितली आहे. वारकरी परंपरेने याचे उत्तर एका कथेत दिले. पैठणला गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अंत्यजाचे मूल एकनाथांनी उचलून कडेवर घेतले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. मूल कोणाचे, त्याचे प्राक्तन काय, हा विचार त्या कथेत उचलण्याच्या आधी येत नाही. दुःखाचे कारण शोधणे हे तत्त्वज्ञाचे काम, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत बाळाला थांबवून ठेवता येत नाही.

मात्र करुणेलाही पारख लागते, कारण रडणे थांबवणे आणि दुःख थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरणी कामगार बाया कामावर जाताना तान्ह्यांना अफूची गोळी देत. मूल दिवसभर निपचित पडून राही. अमेरिकेत त्याच सुमारास दात येणाऱ्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध सिरपमध्ये मॉर्फिन असे. ब्रिटनमध्ये दातांच्या पुडीत पारा असे. त्यामुळे होणारा आजार ओळखल्यावर १९५४ च्या सुमारास त्या पुड्या बाजारातून गेल्या. या सगळ्या उपायांनी बाळ गप्प झाले आणि घराला शांतता मिळाली. उपाय कोणासाठी केला, बाळासाठी की भोवतालच्यांसाठी, हा प्रश्न म्हणूनच नीतीचा आहे. गिरणीतल्या बाईपुढे दुसरा पर्याय नव्हता, हेही त्या नीतीच्या हिशेबात धरावे लागते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा तान्हे मूलही भट्टीवर जाते. तिथे सावली, स्वच्छ पाणी आणि अंगणवाडी यांची सोय नसेल, तर बाळाच्या दुःखाचा जाब एकट्या आईला विचारता येत नाही.

ही कसोटी लावली की घरगुती उपायांची निवड सोपी होते. हात साबणाने धुऊन बोटाने हिरडी हलकेच दाबावी. स्वच्छ फडके उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून चावायला द्यावे. शीतकपाट असेल तर ते थंड करावे, गोठवू नये. अंगावरचे दूध चालू ठेवावे, कारण त्यात अन्न आणि दिलासा दोन्ही आहेत. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला नाचणीची गार पेज देता येते. लाळेने हनुवटी लाल होऊ नये म्हणून लाळेरे बदलावे, खोबरेल लावावे. गाजराचा किंवा खारकेचा तुकडा घशात अडकण्याचा धोका असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मळक्या सहाणेवर उगाळलेली गुटी पोट बिघडवते. हिरडी बधिर करणाऱ्या बेंझोकेनच्या जेलमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना ते न देण्याचा इशारा दिला. दुखणे फारच असेल तर पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेल्या मात्रेतच द्यावे.

ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या, बाळ पिईनासे झाले, मलूल पडले किंवा त्याची लघवी कमी झाली, तर ते दातांचे नाही असेच धरावे. आशाताईकडून ओआरएस घेऊन लगेच पाजायला सुरुवात करावी आणि बाळाला आरोग्य केंद्रात न्यावे. पावसाळ्यात ओढे भरल्यावर वाडीतून निघायला वेळ लागतो, म्हणून तिथे तर अधिकच लवकर निघावे. दात येण्याची वेदना देहाच्या स्वभावातून येते, कुणाच्या पापातून नाही. ती सोसायला लावण्यात पुण्य नाही आणि ती शमवताना कुठलाही दैवी नियम मोडत नाही. बाळाच्या दुःखाचा अर्थ कुणी काहीही लावला, तरी त्यावर स्वच्छ, निरुपद्रवी आणि वेळेवर उपाय करणे हाच घरातल्या मोठ्यांचा धर्म आहे.