आजीचा हात



संत मार्क याच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात अवघ्या तीन वचनांची एक घटना आहे. प्रभू येशू कफर्णहूमच्या सभास्थानातून बाहेर पडतो आणि थेट शिमोन पेत्राच्या घरी येतो. पेत्राची सासू तापाने अंथरुणावर पडलेली असते. येशू तिच्याजवळ जातो, तिचा हात धरतो आणि तिला उठवतो. ताप निघून जातो. ती उठते आणि आलेल्या मंडळींची सेवा करू लागते.

बस्स, एवढेच. त्या माउलीचे नावसुद्धा शुभवर्तमानात नाही. ती उठून कुठे गेली असेल, हे मात्र सांगायला नको. ती चुलीजवळ गेली असेल. पाणी दिले असेल, पीठ मळले असेल, भाकर भाजली असेल. घरी पाहुणे आल्यावर आपली आजी जे करते, तेच तिने केले.

आज आपण या प्रसंगाच्या उजेडात आपल्या घरातल्या आजीकडे पाहू या.

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी आपले पातूर वसले आहे. गावालगतच्या टेकडीत खडक कोरून केलेली प्राचीन लेणी आहेत. ज्या हातांनी तो कठीण दगड फोडला, त्या हातांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. पण त्यांचे काम उभे आहे. घर उभे करणाऱ्या आजीचेही तसेच असते. तिचे नाव कुठे कोरलेले नसते. कोरलेले असते ते तिचे काम, आणि तेही नातवंडांच्या मनात.

पातूरकडच्या कोणत्याही साध्या घरातला तिचा दिवस आठवा. उजाडण्यापूर्वी ती उठते. कपाळावर क्रुसाची खूण करते आणि आधी झाडू हाती घेते. अंगण झाडते, सडा टाकते. चूल असेल तर पऱ्हाट्या मोडून जाळ करते. ज्वारीचे पीठ परातीत घेऊन दोन्ही हातांनी भाकर थापते. वेचणीचे दिवस आले की मुलगा आणि सून भल्या पहाटे कापसाच्या वावरात जातात; मग लहान लेकरू आजीच्याच मांडीवर. त्याला न्हाऊ घालायचे, भरवायचे, निजवायचे. दुपारी इतरांचे डोळे मिटतात तेव्हा ती सुपात तुरीची डाळ घेऊन बसते, खडे निवडते, पाखडते. उन्हाळ्यात आपल्या वऱ्हाडात ऊन नुसते भाजून काढते, पण तेच ऊन तिच्या कामाचे. पापड, कुरडया, शेवया, मुंगवड्या, सारे त्या उन्हात वाळवून वर्षभरासाठी डब्यांत भरले जाते. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली जाते. रात्री सर्वांची ताटे झाली, की उरलेसुरले आपल्या ताटात घेणारी ती शेवटची.

सून म्हणते, “आई, आता बसा तुम्ही, खूप झालं.” त्यावर आजीचे उत्तर ठरलेले, “बसून काय करू वं पोरी? हात रिकामे रायले की करमत नाई.”

आपल्याला वाटते, ही सारी संसाराची कामे. यात धर्म कुठे आला? धर्म म्हणजे देऊळमाता, मिस्सा, जपमाळ, उपवास. पण प्रभूच्या दाखल्यांकडे नीट लक्ष द्या. स्वर्गाचे राज्य कशासारखे आहे हे सांगताना प्रभूने राजवाड्याकडे बोट दाखवले नाही. त्याने तीन मापे पिठात खमीर मिसळणारी बाई दाखवली. पापी माणसाला शोधणाऱ्या देवाचे प्रेम समजावताना त्याने दिवा लावून घर झाडणारी आणि हरवलेले नाणे शोधणारी बाई दाखवली. जुन्या कपड्याला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये हे त्याला माहीत होते. मिठाची चव, दिवठणीवरचा दिवा, जात्यावर दळणाऱ्या दोन स्त्रिया, हे सारे त्याच्या बोलण्यात येते. हे तो कुठे शिकला? नाझरेथच्या घरात! देवाच्या पुत्राने तीस वर्षांच्या आसपासचा काळ एका साध्या घरात काढला आणि त्या घरातली कामे डोळे भरून पाहिली. म्हणूनच झाडू, पीठ आणि सुई यांना त्याच्या शिकवणुकीत जागा मिळाली.

त्याच्या आजीचे नाव पवित्र शास्त्रात नाही. पण दुसऱ्या शतकापासून चालत आलेल्या परंपरेने पवित्र मरियेच्या आईवडिलांची नावे अन्ना आणि योआकिम अशी जपली आहेत. दरवर्षी 26 जुलै रोजी ख्रिस्तसभा त्यांचा सण साजरा करते. मरियेला प्रार्थना कोणी शिकवली असेल, भाकर थापायला कोणी शिकवले असेल? एकाच बाईने, आणि बहुधा एकाच वेळी.

बंधू-भगिनींनो, हीच गोष्ट आपण विसरतो. श्रद्धा पुस्तकातून कळते, पण ती अंगी लागते ती हाताखाली काम करताना. नव्या करारात ‘आजी’ हा शब्द केवळ एकदाच येतो. संत पौल तीमथ्याला दुसरे पत्र लिहितो तेव्हा तो त्याच्या निष्कपट विश्वासाची आठवण काढतो आणि हा विश्वास आधी त्याची आजी लोईस हिच्या ठायी आणि मग आई युनीके हिच्या ठायी होता, असे सांगतो. लोईसने कुठे प्रवचने दिली, असे पौल म्हणत नाही. तिच्या घरात तीमथ्य वाढला, हे पुरेसे होते.

आपल्या काळातले उदाहरण पोप फ्रान्सिस यांचे आहे. 2025 साली ते देवाघरी गेले. त्यांची आजी रोझा इटलीहून 1929 साली अर्जेंटिनात आली. धाकटे भावंड झाल्यावर आईचे हात भरलेले असत, म्हणून ही आजी रोज सकाळी लहानग्या नातवाला आपल्या घरी घेऊन जाई आणि नंतर परत आणून सोडी. त्याला पहिली प्रार्थना तिने शिकवली. शुभ शुक्रवारच्या मिरवणुकीत प्रभूची मृत मूर्ती समोर आली की ती नातवंडांना गुडघे टेकायला लावी आणि हा आज मेला असला तरी पुन्हा उठणार आहे, हे सांगे. 1969 साली नातू धर्मगुरू झाला. आजीने त्याला लिहिलेले पत्र पोप झाल्यावरही त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात जपलेले असे. नातवंडाला सांभाळणारी आजी कोणाला सांभाळत आहे, हे तिला तरी कुठे ठाऊक असते!

आपल्या महाराष्ट्राच्या मातीतही हे नवे नाही. पहाटे जात्याशी बसून दळता दळता आपल्या आज्या-पणज्यांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. देव, माहेर, लेकरू, दुःख, सारे त्या ओव्यांत आहे. त्या बायांपैकी कित्येकींना अक्षरओळख नव्हती. हात जात्याच्या खुंट्यावर आणि मन देवाजवळ, अशी ती प्रार्थना होती. आता दळण चक्कीवर जाते. पण डाळ निवडताना जपमाळेतला एकेक ‘नमो मरिया’ ओठांत घोळवणारी आजी त्याच वाटेची वारकरी आहे.

आणि झाडूचे म्हणाल, तर अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात झाडूच धरला. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची. झाडू हलका नाही, हे त्यांनी साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. मग घरात रोज झाडू धरणाऱ्या हाताला आपण हलका का मानावे?

आता थोडे आपल्या घरात डोकावू या. देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने 2024 साली लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली. घरातली बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात, तर अशी कामे करणारे पुरुष 88 मिनिटे, असे त्यात दिसले. म्हणजे स्त्रीचे पावणेपाच तासांहून अधिक आणि पुरुषाचा दीड तासही नाही. आकडे देशाचे असले तरी चित्र आपल्या ओळखीचे आहे.

आजीच्या बाबतीत दोन प्रकार घरोघरी दिसतात. एक, तिला घरची बिनपगारी मोलकरीण समजायचे. “आजी आहे ना घरी” असे म्हणून लेकरू, गॅस, दळण, पाहुणे सारे तिच्यावर टाकायचे; तिचे गुडघे दुखतात हे कोणी विचारायचे नाही. दुसरा प्रकार वरवर प्रेमाचा दिसतो. “तुम्हाला काही जमत नाही, तुम्ही कशाला हात लावू नका” असे म्हणून तिच्या हातचे सूप काढून घ्यायचे आणि तिला कोपऱ्यातल्या खाटेवर बसवून ठेवायचे. पहिल्यात तिचे शरीर झिजते, दुसऱ्यात तिचे मन. दोन्हींत एक गोष्ट सारखीच आहे: तिच्या हातात काय आहे ते सर्व पाहतात, तिचा हात मात्र कोणी हाती घेत नाही.

आणि मग तो दिवस येतोच. हात थरथरतात, भाकर फाटते, डाळीतला खडा दिसत नाही. एकच गोष्ट ती चारदा विचारते. ज्या बाईने आयुष्यभर आपली किंमत कामात मोजली, तिला तेव्हा वाटू लागते की आता आपला कोणाला उपयोग नाही. ती म्हणते, “देवानं आता उचलावं.” हे वाक्य आपण किती सहज ऐकून सोडतो! 71व्या स्तोत्रातला वृद्ध भक्तही, शक्ती ओसरल्यावर आपल्याला दूर लोटले जाऊ नये अशी देवाजवळ विनवणी करतो. आजीच्या त्या वाक्यामागे तीच विनवणी असते. ती मरण मागत नसते. ती विचारत असते, मी अजून तुमची आहे ना?

या प्रश्नाचे उत्तर पेत्राच्या घरात मिळते. घडलेल्या गोष्टींचा क्रम पाहा. येशूने तिचा हात धरला तेव्हा ती काहीच करू शकत नव्हती. तिने आधी स्वयंपाक केला आणि मग प्रभूने तिला जवळ केले, असे झाले नाही. हात आधी धरला, सेवा नंतर आली. सेवा ही तिने चुकवलेली किंमत नव्हती. ती तिची कृतज्ञता होती. ती उठू शकली नसती, तरी प्रभूने हात सोडला असता का? कधीच नाही.

चौथी आज्ञा आपल्याला आईवडिलांचा मान राखायला सांगते. आपण ती लहान मुलांना शिकवतो, पण ती मोठ्यांसाठीही तितकीच आहे. देवाला अर्पण केले असे सांगून आईवडिलांची मदत टाळणाऱ्यांना प्रभूने कडक शब्दांत सुनावले, हे संत मार्कच सातव्या अध्यायात सांगतो. देऊळमातेत पुढच्या बाकावर बसायचे आणि घरी आजीला उत्तर द्यायचा कंटाळा करायचा, हे त्याला चालणार नाही. क्रुसावर असह्य वेदनेतही त्याने आपल्या आईची सोय लावली आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. प्रभूच्या अखेरच्या गोष्टींपैकी एक अशी घरगुती गोष्ट आहे.

पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली आजी-आजोबा आणि वृद्धांसाठी जागतिक दिन सुरू केला. जुलैचा चौथा रविवार त्यासाठी ठेवलेला आहे. पण आपण जुलैची वाट कशाला पाहायची? या आठवड्यात चार गोष्टी करू या.

पहिली, घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी आजीचे एक काम रोज आपल्याकडे घ्यावे. पाणी भरणे, भांडी घासणे, काहीही. दुसरी, तिला झेपेल असे एक काम तिच्याकडे मानाने राहू द्यावे, मग त्याला कितीही वेळ लागो. तिसरी, नातवंडांनी तिच्याजवळ बसून तिची लहानपणची प्रार्थना शिकून घ्यावी. चौथी, जेवताना तिचे ताट आधी वाढावे. ज्यांची आजी देवाघरी गेली आहे, त्यांनी शेजारच्या एखाद्या एकट्या वृद्ध माउलीच्या घरी जाऊन यावे.

आणि हे सारे करताना एकदा तरी तिचा हात आपल्या हातात घ्यावा. तो खरखरीत लागेल, भाकरीच्या चटक्यांचे डाग त्यावर असतील. पेत्राच्या घरी प्रभूने असाच एक हात धरला होता.

हे प्रेमळ पित्या, आमच्या आज्यांनी निवडलेल्या प्रत्येक दाण्यात, झाडलेल्या प्रत्येक अंगणात आणि जागलेल्या प्रत्येक रात्रीत तू होतास. ज्या अजून राबत आहेत त्यांना बळ दे. ज्या थकल्या आहेत त्यांना आमच्या हातांचा आधार दे. ज्या तुझ्याकडे आल्या आहेत त्यांना तुझ्या मेजावर बसव आणि आता त्यांना वाढणारा तूच हो. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे हे आम्ही मागतो.

आमेन.